सैपाकघराखालचा कोपरा

जेबाच्या यंत्राला फिटर लाइनीत पहिल्याच दिवशी नाव पडलं, रडार डवरा. यात नाव ठेवणाऱ्यांचा काही दोष नव्हता. कपाशीतलं तण काढायला, डवरणीला, वापरतात तो सायकलच्या चाकाचा डवरा तिनं भंगारातून आणला, त्याचं पातं काढून टाकलं आणि त्या जागी प्लायवूडची पेटी बसवली. पेटीत पत्र्याचे दोन अँटेना, टपालानं मागवलेली सर्किटची एक पट्टी आणि फवारणीच्या पंपाची बॅटरी. दांडीवर सुतळीनं बांधलेला जुना लॅपटॉप. असलं ध्यान ढकलत एक तिशीची बाई भर उन्हाळ्यात या परसातून त्या परसात फिरू लागली, तर लोक काय आरती ओवाळतील?

"काय वो जेबा, डवरनी झाली काय आमच्या वावरातली?" शेजारच्या इंदूबाई कुंपणावरून विचारायच्या.

"बी पेरा आधी, काकू. मंग डवरतो," असं म्हणून जेबा पुढं जायची. दारव्ह्याच्या बसस्टँडजवळ तिचं मोबाईल आणि फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून तिची जीभ चांगली परजलेली होती. पण त्या दिवसांत ती हसत मात्र नव्हती. येत्या सोमवारी सरकारी मोजणी होती, आणि फिटर लाइनीतली दहा-बारा घरं राहणार की जाणार ते त्या मोजणीत ठरणार होतं. त्यातलं अगदी टोकाचं घर तिचं.

भानगड समजायला साधी होती, म्हणूनच तिची जास्त चीड यायची. गावाच्या कडेला जुनी जिनिंग, कापसातली सरकी काढायची गिरणी. एके काळी दिवाळीपासून होळीपर्यंत तिथं कापसाच्या बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची. जुन्या मालकानं आपल्या फिटरांना, मापाऱ्यांना, हमालांना कंपाउंडच्या भिंतीबाहेरची जागा राहायला देऊन टाकली; तीच ही फिटर लाइन. भिंतीच्या आत जिनिंगचं, भिंतीबाहेर कामगारांचं, हे सगळ्यांना मान्य होतं, कोर्टालासुद्धा. पुढं कापसाचे दिवस फिरले, जिनिंगला कुलूप लागलं, आणि बोंडअळीनं कपाशी पोखरली त्या सालानंतर ते कुलूप उघडेल ही आशाही कुणी ठेवली नाही. ती रिकामी जागा किसनराव नावाच्या दलालानं घेतली. त्याला तिथं ले-आउट पाडून प्लॉट विकायचे होते. ले-आउटला रस्त्याचं तोंड पाहिजे, आणि त्या तोंडावर नेमकी फिटर लाइन बसलेली. तेव्हा किसनरावानं खुशाल सांगून टाकलं, की जिनिंगची भिंत घरांच्या मागून नव्हतीच, ती घरांच्या पुढून, रस्त्याच्या कडेनं होती. म्हणजे घरं भिंतीच्या आत. म्हणजे घरं त्याची. वाद कोर्टात गेला, आणि कोर्टानं सरकारी मोजणी लावली.

खोटं बोलायचं तर माणसानं असं बेधडक बोलावं. त्याला कोण अडवणार? भिंत आता कुठंच नव्हती.

ती गेली कुठं, हे लाइनीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि सांगताना प्रत्येकजण आपल्या चपलांकडे बघायचा. जिनिंग बंद पडल्यावर एका पावसाळ्यात भिंतीचा थोडा भाग कोसळला. पक्क्या भाजलेल्या, टणटण वाजणाऱ्या विटा उघड्यावर पडल्या. कुणी त्यातून न्हाणी बांधली, कुणी गोठा. मग न पडलेली भिंतही लोकांनी मोकळी करून नेली. विटा संपल्यावर पायाचे दगड उपटले. वरून काळी माती वाहून आली आणि सगळं बुजून गेलं. आपल्या मालकीचा एकुलता एक साक्षीदार फिटर लाइनीनं आपल्याच हातांनी उचलला आणि न्हाणीला लावला. आता या लोकांना मूर्ख म्हणावं, तर विटा खरंच फार चांगल्या होत्या.

जेबाच्या वडिलांनी, जिनिंगमध्ये फिटर असलेल्या नजीरभाईंनी, त्या विटांचं सैपाकघर बांधलं होतं. त्याआधी जेबाची अम्मी, शमसुन्निसा, पुढच्या एकाच खोलीत चूल पेटवायची आणि सगळं घर खोकायचं. सैपाकघर मागल्या अंगाला झालं तेव्हा तिनं लाइनीत गूळ वाटला होता. नजीरभाईंना त्या बांधकामाचा भारी तोरा. काळ्या मातीतलं घर म्हणजे उन्हाळ्यात भेगा ठरलेल्या. लाइनीतल्या प्रत्येक घराला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. नजीरभाईंच्या सैपाकघराला मात्र कधी केसाएवढीही भेग गेली नाही. येईल त्याला ते भिंतीवर थाप मारून दाखवायचे. "माह्या हातचं काम हाय. मुरमाचा भराव टाकला, मस्त ठोकला. पाहून घ्या."

मोजणीदारानं आधीच बजावून ठेवलं होतं. "खड्डा एकच. सारी लाइन खोदत बसायले मले टाइम नाही. तुम्ही जागा दाखवा. पाया निघाला तर निघाला."

आणि जागेवर तर कुणाचं एकमत नव्हतं. पुंडलिकराव, जिनिंगमधले जुने मापारी, निंबाच्या बुंध्याकडे बोट दाखवायचे. नजीरभाई म्हणायचे, निंबाच्या अल्याड. इंदूबाईंना भिंत आठवायची, तिच्यावर वाळत घातलेल्या गोधड्याही आठवायच्या, जागा तेवढी आठवायची नाही. म्हणून जेबानं हे यंत्र जुळवलं. पेटी जमिनीत लहरी सोडते, खाली माती बदलली, दगड लागला, पोकळी आली की लहर उलटून येते आणि पडद्यावर पांढरी कमान उमटते, एवढं तिनं मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकून घेतलं होतं. घरापुढच्या रस्त्यात पुरलेला नळाचा पाइप तिनं पहिल्याच फेरीत पकडला. कमान अशी सुरेख आली, की तिनं अम्मीला हात धरून बाहेर आणलं.

पण परसांत गेल्यावर यंत्राचं तोंड बंद झालं. निंबापाशी काही नाही. निंबाच्या अल्याड काही नाही. पल्याडही नाही. पडदा नुसता राखाडी. तिनं बॅटरी बदलली, अँटेना पुन्हा झाळले, पेटी जमिनीला घासेल इतकी खाली आणली. तीन दिवस ती डवरा ढकलत राहिली, तळहाताला फोड आले, आणि लाइनीतल्या लोकांचं हसू हळूहळू बंद झालं. हसू होतं तोवर बरं होतं. आता ते तिच्याकडे, दवाखान्याबाहेर बसलेले लोक डॉक्टरकडे बघतात तसे बघू लागले.

"मशीन खराब हाय का पाया नाई?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"माहीत नाई, काका," जेबा म्हणाली. हे तीन शब्द उच्चारताना तिला आपलाच संताप आला.

यंत्र खराब आहे का, हे बघायचं तर घरात बघावं म्हणून तिनं डवरा उचलून सैपाकघरात नेला. अम्मी भाकरी थापत होती. "पाय बाजूले घे, अम्मी," म्हणून जेबानं पेटी फरशीवरून दाराकडून मागल्या भिंतीकडे सरकवली. पडद्यावर एक जाड पांढरा पट्टा उठला. तिनं डवरा वळवून आडवा नेला. दुसरा पट्टा. तिनं खडू घेतला आणि जिथं जिथं पट्टा उठला तिथं तिथं फरशीवर खूण केली. भाकरी तव्यावर करपली. खुणा जोडल्या तेव्हा फरशीवर एक काटकोन तयार झाला. त्याची एक बाजू शेजारच्या परसांकडे जात होती, आणि दुसरी जिनिंगच्या मोकळ्या जागेकडे.

जेबाला उलगडा झाला. यंत्र पहिल्यापासून ठीक होतं. काळी माती लहरी पिऊन टाकत होती, जशी पहिल्या पावसाचं पाणी पिते तशी, काही परत देतच नव्हती. रस्त्याखाली मुरूम होता, म्हणून पाइप दिसला. सैपाकघराखाली बापानं मुरूम ठोकला होता, म्हणून हे दिसलं. आणि सैपाकघराला भेग का गेली नाही, तेही आता कळलं. ते बापाचं कसब नव्हतं. खाली जिनिंगच्या भिंतीचा कोपरा होता, लाइनीतल्या कुणाच्याही हाताला न लागलेला एकमेव तुकडा. वर नजीरभाईंनी घाईघाईनं सैपाकघर ठोकलं, म्हणून तो वाचला.

कोपरा! नुसती सरळ भिंत निघाली असती तर किसनराव म्हणाला असता, ही आतली आडभिंत, खरी भिंत रस्त्यालाच. कोपऱ्याला तसं म्हणता येत नाही. कोपरा ज्या बाजूला वळतो, तिकडं आवार. हा जिनिंगकडे वळत होता. म्हणजे लाइन बाहेर. सारीच्या सारी लाइन बाहेर!

मग तिची नजर खडूच्या रेषांवर पुन्हा गेली आणि चुलीवर येऊन थांबली. चूल रेषेच्या पलीकडे होती. शमसुन्निसाचं अर्धं सैपाकघर भिंतीच्या आत होतं, म्हणजे जिनिंगच्या जागेत, म्हणजे किसनरावाच्या. बापानं भिंत पडल्यावर अंदाजानं बांधलं होतं, आणि अंदाज चुकला होता. बाकी घरांचं परसातलं थोडंफार जाणार होतं. पुरा हिसका फक्त त्यांनाच बसणार होता.

जेबानं घराबाहेर कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण किसनरावाचे कान लांब होते. दुसऱ्या दिवशी दुपारी किसनराव दुकानावर आला. हातात बिघडलेला मोबाईल नव्हता, म्हणजे काम दुसरंच होतं. तो स्टुलावर बसला, पंख्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, "ताई, मशीन भारी बनोली तुम्ही. कौतुक हाय."

"कामाचं बोला, भाऊ."

"कामाचंच बोलतो. सोमवारी खड्डा निंबापाशी दाखवा. पुंडलिकराव बी तेच म्हणते ना? मंग? मोठ्या मानसाचं ऐकावं. तथी काही निघनार नाही. तुमचं घर, तुमचं सैपाकघर, मी हात लावत नाही. जबान देतो. टोकाचं घर हाय, माह्या रस्त्यात बी येत नाही."

"आन बाकीचे?"

"त्यांचं त्यांनी पाहावं. तुम्ही काय साऱ्या लाइनीचा ठेका घेतला काय?"

जेबानं हातातली झाळायची तापलेली सळई खाली ठेवली, कारण ती हातात असताना बोलणं बरं दिसलं नसतं. "किसनराव," ती म्हणाली, "मी लहान होतो तवा अम्मी दवाखान्यात होती. मले इंदूकाकूनं आपल्या ताटात जेवू घातलं. पुंडलिककाकानं मले सायकल शिकवली आन गुडघे फुटले तं पाठीवर घरी आनलं. मी त्याहीच्या घरावर नांगर फिरवून अम्मीच्या चुलीवर च्या पिऊ? तो च्या गयाखाली उतरन काय माह्या?"

"लेक्चर नको देऊ. तुह्या बापाले विचार."

"विचारतो. आन तुम्हाले पन सांगतो. सोमवारी जेवून या, उशीर होईन."

बापाला तिनं खरंच विचारलं, आणि तिथं मात्र तिचं काही चाललं नाही. नजीरभाई उठून सैपाकघरात गेले आणि भिंतीवर थाप मारली, नेहमीसारखी, पण या वेळी कुणाला दाखवायला नाही. घरात एरवी हिंदी चालायची. भांडण आलं की बापलेक वऱ्हाडीवर यायचे.

"निंबापाशी दाखवू," ते म्हणाले. "पुंडलिकच म्हनते तथी हाय. आपन कायले मधात पडाचं?"

"अब्बा, तथी काही नाई. तुम्हाले माहीत हाय."

"मले काही माहीत नाई! मी एक गोष्ट केली जिंदगीत. एक. नोकरी गेली, जिनिंग गेली, हे एक राह्यलं. तुह्या मायले धूर लागू नये म्हनून बांधलं मी. आन तू त्याच्यात खड्डा खोदतो म्हनतं?"

जेबाला रडू आलं. तिला वाटलं, आपण हे यंत्र बनवलंच नसतं तर बरं झालं असतं; मग सगळेच बरोबर गेले असते, कुणी एकानं दुसऱ्याला घालवलं असं झालं नसतं. शमसुन्निसा चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती.  विझत आलेलं लाकूड तिनं आत सारलं, एवढंच.

सोमवारी मोजणीदार आला, साखळी-फिती आल्या, किसनराव दोन माणसं घेऊन आला. लाइन झाडून सगळी परसात उभी. पुंडलिकरावांनी धुतलेला सदरा घातला होता.

"हं, कुठं खोदाचं?" मोजणीदारानं विचारलं.

पुंडलिकरावांनी निंबाकडे हात उचलला. किसनराव जेबाकडे बघून गालातल्या गालात हसला. नजीरभाई जमिनीकडे बघत होते.

"तथी नाई," जेबा मोठ्यानं म्हणाली. "आमच्या सैपाकघरात."

 इंदूबाईंच्या लक्षात सगळ्यांत आधी आलं. "अवो, नको," त्या पुढं झाल्या. "पोरी, तुह्या मायची चूल हाय तथी!"

जेबानं बापाकडे पाहिलं. नजीरभाई सैपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला. फिटरचे हात होते ते. हलवणं सोपं नव्हतं. त्यांच्या मागं भांड्यांचा आवाज झाला. शमसुन्निसा आतून मिठाची बरणी, तवा आणि परात घेऊन आली. "सरका," ती नवऱ्याला म्हणाली.

"शमसू..."

"धूर लागू नये म्हनून बांधलं ना तुम्ही? दहा घरं मोडून त्याचा धूर माह्या डोयात जाईन तो कोन थांबवन? सरका म्हनते मी."

नजीरभाई सरकले. एवढंच नाही, मोजणीदाराच्या माणसानं खोदायची लोखंडी सब्बल उचलली तेव्हा त्यांनी ती त्याच्या हातातून घेतली. "मी ठोकली, मीच उचलतो," म्हणाले, आणि खडूच्या काटकोनावरची पहिली फरशी त्यांनी स्वतः उपसली.

खाली मुरूम निघाला, पिवळा, घट्ट बसलेला. मुरमाखाली चुन्यात बसवलेला काळा दगड. मग दुसरा. नजीरभाईंनी हातानं माती बाजूला केली. कोपऱ्याचा दगड केवढा मोठा होता. दोन्ही बाजूंनी घडवलेला, धार अजून शाबूत. एक बाजू परसांच्या मागून जाणारी, दुसरी जिनिंगकडे वळलेली. मोजणीदार गुडघ्यावर बसला, फीत लावली, पुन्हा लावली. किसनराव वाकून बघत होता.

"कोपरा हाय," मोजणीदार म्हणाला. "आवार तिकडचं. लाइन बाहेर."

 पुंडलिकराव खाली बसले आणि सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसू लागले. जेबा मात्र उभीच राहिली, कारण किसनराव सरळ होऊन तिच्याचकडे वळला होता.

"ठीक हाय," तो म्हणाला. आवाज गोड होता, म्हणजे आत जाळ पेटला होता. "लाइन तुमची. पन मंग हे सैपाकघर माह्या जाग्यात हाय. अर्धं. लिहून घ्या, साहेब. आठ दिवसात पाडून द्या."

"हाव," जेबा म्हणाली. "तुमच्या जाग्यात हाय. आम्हीच दाखवलं ना तुम्हाले? आठ दिवस कायले? आज पाडतो."

"आन विटा बी माह्या," किसनराव म्हणाला. हरलेल्या माणसाला काहीतरी घेऊन जायचं असतं. "जिनिंगच्या भिंतीच्या विटा हायत त्या. साऱ्या लाइनीनं चोरल्या. साऱ्याहीच्या."

लाइनीतली मंडळी चपलांकडे बघू लागली, सवयीनं. शमसुन्निसा तवा हातात घेऊन पुढं आली.

"खरं हाय, किसनराव," ती म्हणाली. "विटा भिंतीच्या हायत. आम्ही ठेवून घेत नाई. जिथल्या होत्या तथी ठेवून देतो."

आधी कुणाला कळलं नाही. मग नजीरभाईंना कळलं. ते हसले, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा, आणि त्यांनी सब्बल सैपाकघराच्या मागल्या भिंतीत घातली, त्याच भिंतीत जिला कधी भेग गेली नव्हती. पहिली वीट निघाली. ती त्यांनी झटकली, उघड्या पडलेल्या कोपऱ्याच्या दगडावर ठेवली आणि हातानं नीट बसवली.

पुंडलिकराव उठले. त्यांच्या न्हाणीची एक बाजू त्याच विटांची होती. इंदूबाई गोठ्याकडे गेल्या आणि येताना पदरात दोन विटा घेऊन आल्या. मोजणीदारानं फीत गुंडाळली, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, निघता निघता रेषेवर चुन्याची फक्की टाकून गेला. संध्याकाळपर्यंत चुन्याच्या रेषेवर विटांचा पहिला थर चढला. कुठं न्हाणीची शेवाळ लागलेली वीट, कुठं गोठ्याची, कुठं चुलीच्या धुरानं काळी झालेली. किसनराव पलीकडे आपल्या मोकळ्या जागेत उभा होता. या वेळी भिंत कुठं आहे, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

भिंतीच्या अलीकडे, उघड्यावर, शमसुन्निसानं तीन विटा मांडून चूल केली. धूर सगळ्या परसांत पसरला. जेबानं डवरा भिंतीला टेकून ठेवला आणि भाकरीसाठी सगळ्यांबरोबर ओळीत बसली.